पायाळू बाळाचा डावा हात : बर्लिन, १८५९

आमच्याकडे तपासायला येणाऱ्या बाळांच्या फायली कुणापुढे उघडता येत नाहीत, आणि उघडूही नयेत. शिवाय त्यातल्या बहुतेक फायली दोन-तीन वर्षांत थांबतात. हात सुधारला की आईवडील येणं बंद करतात, नाही सुधारला तरी कंटाळून बंद करतात. जन्मताना हाताच्या नसांना इजा झालेलं एखादं मूल पहिल्या दिवसापासून म्हातारपणापर्यंत कागदावर सापडणं फार दुर्मीळ. असं एक प्रकरण मात्र साऱ्या जगासमोर आहे. जन्माच्या वेळी हजर असलेल्या डॉक्टरचा अहवाल आहे, आईनं आपल्या आईला लिहिलेली पत्रं आहेत आणि पुढची कित्येक दशकं काढलेली छायाचित्रं आहेत. हा रुग्ण ८२ वर्षं जगला. त्याचं नाव विल्हेल्म. पुढे तो जर्मनीचा सम्राट झाला आणि १९१८ साली त्याला गादी सोडावी लागली. त्याच्या राजकारणाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला त्याच्या डाव्या हाताबद्दल लिहायचं आहे.

आई व्हिक्टोरिया, इंग्लंडच्या राणीची थोरली मुलगी. वय १८, पहिलंच बाळंतपण, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. २६ जानेवारीच्या रात्री कळा सुरू झाल्या. राजघराण्याचे वैद्य ऑगस्ट वेग्नर तिथे होते, राणीनं लंडनहून धाडलेले सर जेम्स क्लार्कही होते. अवघड बाळंतपणं हाताळण्यात ज्यांचा हात बसलेला होता ते बर्लिनचे प्राध्यापक एडुआर्ड मार्टिन मात्र नव्हते. त्यांना बोलावणारी चिठ्ठी माणसाबरोबर जाण्याऐवजी टपालात पडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या डाकेबरोबर त्यांच्या हाती आली. ते पोहोचले तेव्हा कित्येक तास गेलेले होते, आई थकून गेली होती, आणि बाळ पायाळू आहे हे उघड झालं होतं.

आपल्याकडे पायाळू माणसाला एक मान असतो. कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणसाकडून पाय लावून घ्यायची पद्धत अजून गावोगावी आहे. बाळंतपणाच्या खोलीत मात्र हा शब्द ऐकला की सगळ्यांचे कान टवकारतात. डोकं हा बाळाचा सगळ्यात मोठा भाग. डोकं आधी आलं की वाट मोकळी होते आणि बाकीचं शरीर मागोमाग सरकतं. ढुंगण आधी आलं तर सगळ्यात मोठा भाग सगळ्यात शेवटी येतो, आणि तोवर नाळ दाबली जात असते. त्यातून बाळाचे हात छातीशी दुमडलेले न राहता वर डोक्याच्या बाजूला गेलेले असले तर डोक्याला आधीच अपुरी असलेली जागा आणखी कमी होते. विल्हेल्मच्या बाबतीत हेच झालं.

मार्टिननी गुंगीसाठी क्लोरोफॉर्म दिला. राणीनं स्वतः १८५३ साली बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला होता, त्यामुळे राजवाड्यात त्याचं वावडं नव्हतं. कळा वाढवण्यासाठी अर्गट हे औषध दिलं. बाळाचं धड बाहेर आलं तेव्हा नाळेची धडधड मंदावत चालली होती. डावा हात डोक्याशेजारी वर अडकला होता. तो हात जोर लावून खाली आणला, मग शरीर फिरवून उजवा हात काढला आणि शेवटी डोकं. बाळ निपचित होतं. बराच वेळ चोळून, थापट्या मारून अखेर ते रडलं. बाहेर तोफांची सलामी सुरू झाली.

इथे एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे, कारण या प्रकरणात मार्टिनना दीडशे वर्षं दोष दिला गेला आहे. नाळेचा ठोका थांबत आलेला असताना डॉक्टरपुढे फक्त काही मिनिटं असतात. त्या मिनिटांत त्यांनी हात ओढला म्हणून मूल जिवंत राहिलं. आज अशा वेळी हात ओढत नाहीत. बाळाला कमरेशी धरून अर्धं फिरवतात, म्हणजे अडकलेला हात आपणहून समोर येतो आणि बोटानं खाली घेता येतो. पण ही युक्ती नॉर्वेच्या लोव्हसेट यांनी १९३७ साली मांडली. मार्टिनना ती कुठून ठाऊक असणार?

पुढचे तीन दिवस हात कुणाच्या लक्षात आला नाही. आई अंथरुणाला खिळलेली, बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, बघायला येणाऱ्यांची रीघ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लक्षात आलं की डावा हात नुसता लोंबतो आहे.

हे वाचताना मला दरवेळी आपल्याकडचं वेळापत्रक आठवतं. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई घरी येतात त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. म्हणजे बर्लिनच्या राजवाड्यात जो दिवस उजाडावा लागला, त्याच दिवशी आपल्याकडे खेड्यातल्या बाळाला बघायला कुणीतरी येतं. त्या भेटीत बाळाचं दुपटं पूर्ण सोडलं गेलं तर पुष्कळ काही दिसतं. ऊबदार जागी बाळाला उताणं ठेवायचं, अंगावर काही ठेवायचं नाही, आणि दोन मिनिटं हात न लावता बघत राहायचं. नवजात बाळ स्वस्थ नसतं. दोन्ही हात कोपरात दुमडतात, मुठी तोंडाकडे जातात, फेकल्यासारखे उघडतात. एक हात हे सगळं करतो आणि दुसरा अंगाला चिकटून सरळ पडून राहतो, हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. पण बाळ गुंडाळलेलं असेल तर डॉक्टरलाही कळत नाही.

त्यानंतरची तपासणी हाताची. डोकं हातावर अलगद उचलून किंचित खाली सोडलं की बाळ दचकून दोन्ही हात पसरतं आणि पुन्हा जवळ घेतं. इजा झालेल्या बाजूचा हात पसरत नाही. कोपराच्या खळगीजवळ बोट ठेवून हलकेच टिचकी मारली तर दंडाच्या स्नायूची उडी दिसत नाही. मग तळव्यात आपलं बोट द्यायचं. बाळानं ते घट्ट धरलं तर मला हायसं वाटतं, कारण याचा अर्थ खालच्या नसा शाबूत आहेत. बोटं धरत नसतील तर मी लगेच डोळ्यांकडे बघते. त्याच बाजूची पापणी किंचित झुकलेली आणि बाहुली लहान असली तर मणक्यांतून निघणाऱ्या नसांच्या मुळांपैकी छातीच्या पहिल्या मुळाशीच काहीतरी तुटलं आहे अशी शंका घ्यावी लागते. ऑगस्टा क्लुम्पके नावाच्या तरुण विद्यार्थिनीनं पॅरिसमध्ये १८८५ साली हात आणि डोळा यांचा हा संबंध उलगडून दाखवला. शेवटी छाती बघायची. श्वास घेताना एका बाजूचं पोट वर उचलत नसेल, बाळ धापत असेल, तर श्वासपटलाची नसही दुखावलेली असू शकते, कारण ती मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मुळांतून निघते. क्ष-किरण किंवा सोनोग्राफीत ते पटल वर सरकलेलं दिसतं.

हात हलत नाही म्हणजे नसच गेली, असं मात्र नव्हे. गळ्याचं हाड मोडलं असेल तर बाळ दुखतं म्हणून हात हलवत नाही. बोटानं चाचपलं की तिथे कुरकुरतं, बाळ कळवळून रडतं, आणि दोन-तीन आठवड्यांत हाड जुळलं की हात आपोआप हलू लागतो. दंडाचं हाडही मोडू शकतं. सगळ्यात धोक्याचं म्हणजे खांद्याच्या सांध्यात पू होणं. त्यात पहिले काही दिवस हात छान हलतो आणि मग अचानक थांबतो, ताप असतो किंवा बाळ दूध सोडतं. म्हणून मी आईला पहिला प्रश्न हाच विचारते : हात जन्मल्यापासून असाच आहे की मध्ये हलत होता? जन्मापासून असेल तर नसेचा विचार, मध्येच थांबला असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल. या एका प्रश्नानं वाचलेले सांधे मी पाहिले आहेत. ज्या घरात तो कुणी विचारलाच नाही, तिथले कायमचे आखडलेले खांदेही पाहिले आहेत.

आता विल्हेल्मकडे परत. १८५९ साली वेग्नर आणि मार्टिन यांना नेमकं काय माहीत होतं? जन्मताना हात लुळा पडू शकतो, हे स्कॉटिश डॉक्टर स्मेली यांनी १७६४ सालीच नोंदवलं होतं. त्यांनी पाहिलेल्या बाळाचे दोन्ही हात लुळे होते आणि काही दिवसांत बरे झाले. पण लुळेपण येतं कुठून, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. फ्रान्सच्या द्युशेननी जन्मावेळच्या लुळेपणाचं वर्णन केलं १८७२ साली. हायडेलबर्गच्या विल्हेल्म एर्बनी मानेत एका ठरावीक जागी विजेचा स्पर्श देऊन दाखवून दिलं की पाचवं आणि सहावं मूळ जिथे एकत्र येतात तिथे धक्का बसला की हेच स्नायू जातात. ते साल १८७४. तोवर आपला रुग्ण १५ वर्षांचा झाला होता. म्हणजे त्याच्यावर जे जे उपचार झाले, ते रोग कुठे आहे हे कळायच्या आधी झाले.

रोग कुठे होता, ते आज सांगता येतं. मानेच्या मणक्यांमधून पाच मुळं निघतात, पाचव्यापासून आठव्यापर्यंतची चार आणि छातीचं पहिलं. गळ्याच्या हाडामागे ती एकमेकांत गुंफतात, सुटतात, पुन्हा गुंफतात आणि हातभर पसरतात. या गुंत्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. वरची दोन मुळं खांदा बाहेर उचलतात आणि कोपर वाकवतात, मधलं मूळ कोपर आणि मनगट सरळ करतं, खालची दोन पंजाला बळ देतात. डोकं आधी येणाऱ्या बाळात खांदा आईच्या पुढच्या हाडामागे अडकतो आणि डोकं व खांदा यांच्यातलं अंतर ताणलं जातं, तेव्हा वरची मुळं आधी दुखावतात. वजनदार बाळ, आईला मधुमेह, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावलेलं बाळंतपण, यांत हे जास्त होतं. सीझरनं धोका पुष्कळ कमी होतो, पण पूर्ण जात नाही. एकूण दर हजार जन्मांमागे साधारण एका-दोघा बाळांना ही इजा होते.

पायाळू बाळांचं वेगळं असतं. तिथे बहुधा वरचीच मुळं जातात, पण इजेची जात वाईट असते. मूळ नुसतं ताणलं जाण्याऐवजी मज्जारज्जूतून उपटलं जातं. वेल ताणली तर पुन्हा तरारते, मुळासकट उपटली तर नाही. विल्हेल्मचा खांदा, दंड आणि कोपर तर दुबळे होतेच, पण पंजाही लहान आणि कमजोर राहिला, म्हणजे इजा वरच्या दोन मुळांपुरती नव्हती. माझा अंदाज असा की वरची मुळं फाटली किंवा उपटली गेली आणि खालच्यांना ताण बसून ती अर्धवट सावरली. कुणी म्हणतं की जन्मताना प्राणवायू कमी पडून मेंदूलाही मार बसला. पण मेंदूच्या माराने हात आखडून ताठ होतो, आणि याचा हात पहिल्या दिवसांपासून सैल लोंबत होता.

मग उपचार सुरू झाले, आणि या प्रकरणातला वाचवत नाही असा भाग इथून पुढचा. आधी थंड पाण्याच्या घड्या, मीठ-पाण्यानं धुणं, चोळणं. इथवर ठीक. मग चांगला उजवा हात रोज काही वेळ अंगाशी बांधून ठेवायचा, म्हणजे मूल नाइलाजानं डावा वापरेल. मग ताज्या मारलेल्या सशाच्या ऊबदार शरीरात हात घालून ठेवायचा, आठवड्यातून दोनदा. जनावराची ऊब आणि ताकद मुलाच्या हातात उतरेल, असा समज. नंतर विजेचे झटके. मान एका बाजूला कलायला लागली म्हणून चार वर्षांच्या मुलासाठी एक यंत्र केलं : कमरेला पट्टा, पाठीला लोखंडी दांडा, वर घोड्याच्या मोरकीसारखा चामड्याचा सांगाडा, त्यात डोकं अडकवायचं आणि स्क्रू पिळून हवं तिकडे वळवायचं. १८६३ साली आईनं राणीला लिहिलेल्या पत्रात याचं चित्रसुद्धा काढून पाठवलं आहे. आपल्या लेकराला त्यात जखडलेलं बघवत नाही, हे तिच्या पत्रांतून कळतं. तरीही तिनं ते होऊ दिलं, कारण काहीच न करणं तिला त्याहून असह्य होतं. हे मी समजू शकते. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी आयांच्या चेहऱ्यावर मी हेच पाहिलं आहे. १८६५ मध्ये, मूल सहा वर्षांचं असताना, मानेचा आखडलेला स्नायू शस्त्रक्रियेनं कापला. या सगळ्यातला उपयोग झालेला उपचार बहुधा हा एकच.

बाकीच्यांपैकी कशानंही नस जुळणार नव्हती. तुटलेली नस जुळवण्याची पहिली शस्त्रक्रिया ग्लासगोच्या रॉबर्ट केनेडी यांनी केली आणि १९०३ साली ती छापली. त्या वेळी विल्हेल्म ४४ वर्षांचा होता. तेव्हा १८५९ साली हात वाचवता आला असता, असं मी म्हणणार नाही. पण त्या मुलाच्या वाट्याला आलेल्या वेदना टाळता आल्या असत्या. चांगला हात बांधण्याचंच उदाहरण घ्या. हीच कल्पना आज सुधारून वापरतात. मोठ्या मुलाच्या चांगल्या हातावर काही वेळ मोजा किंवा हलकं प्लास्टर चढवतात आणि खेळातून दुसरा हात वापरायला लावतात. पण ते कधी? नस परत आली आहे, स्नायू हलतो आहे, फक्त मुलाला त्याची सवय नाही, तेव्हा. ज्या स्नायूपर्यंत नसच पोहोचत नाही त्याच्याकडून काम मागणं म्हणजे तार तुटलेल्या घरात दिव्याचं बटण पुन्हा पुन्हा दाबणं. मूल अडखळतं, पडतं, चिडतं, आणि वरून त्यालाच आळशी ठरवलं जातं. घोड्यावर बसायला शिकवताना हिंझपेटर या शिक्षकानं त्याला पडला की पुन्हा चढव, पडला की पुन्हा चढव असं आठवडेच्या आठवडे केलं. मूल रडत राहिलं. शिक्षकाला त्यात जिद्द दिसली.

हेच मूल आज जन्मलं असतं तर?

पहिला फरक जन्माआधीच पडला असता. सोनोग्राफीत पायाळू असल्याचं कळलं असतं, शेवटच्या महिन्यात पोटावरून बाळ वळवून पाहिलं असतं, नाही वळलं तर बहुधा सीझर झालं असतं. पण इजा झालीच आहे असं धरू. पहिला आठवडा-दहा दिवस हाताला विश्रांती. हात पोटावर अलगद ठेवायचा, झबलं घालताना दुखरा हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना शेवटी, दंडाला धरून किंवा काखेत हात घालून उचलायचं नाही. दूध पाजताना हात खाली लोंबकळू द्यायचा नाही. मालिश? उरलेल्या अंगाला खुशाल करा. आपल्याकडची न्हाऊ-माखू घालणारी बाई अंघोळीआधी बाळाचे हात छातीवर कैचीसारखे ओढते, खांद्यातून झटके देते, काही ठिकाणी हाताला धरून उचलूनही दाखवते. धडधाकट बाळ ते सोसतं. पण ताणलेल्या नसेवर हा ताण पडू देऊ नका. मी अशा बायकांना वाईट म्हणत नाही, त्यांच्या हातात पिढ्यांची माया असते. मी त्यांना दवाखान्यात बोलावते आणि त्यांच्यासमोर दाखवते. एकदा दाखवलं की त्या आईपेक्षाही नेमानं पाळतात.

त्यानंतर व्यायाम सुरू. दर वेळी लंगोट बदलताना, म्हणजे दिवसातून सात-आठ वेळा, प्रत्येक सांधा त्याच्या पूर्ण मर्यादेपर्यंत हळूच न्यायचा. सगळ्यात महत्त्वाची हालचाल बहुतेकांना ठाऊक नसते : कोपर अंगाशी चिकटवून, नव्वद अंशात वाकवून, खांद्याचं पान दुसऱ्या हातानं दाबून धरून, पुढचा हात बाहेरच्या बाजूला वळवायचा. का? कारण खांदा आत वळवणारे स्नायू शाबूत असतात आणि बाहेर वळवणारे गेलेले असतात. हा खांदा आतल्या आत वळत जातो, आणि हाडाचा गोळा खोबणीच्या मागच्या काठावर सरकू लागतो. वर्षाच्या आतच सांधा वाकडा घडायला लागलेला मी पाहिला आहे. नस परत येईपर्यंत दार उघडं ठेवणं हे या व्यायामाचं काम. नस त्यानं लवकर येत नाही. विसाव्या शतकात बराच काळ अशा बाळांचा हात वर करून पट्ट्यांनी बांधून ठेवायची पद्धत होती. त्यानं खांदे उलट दुसरीकडे आखडले आणि ती सोडून द्यावी लागली. विजेच्या यंत्राबद्दलही विचारलं जातं. त्यानं नस परत येते असा भक्कम पुरावा मला आजवर दिसलेला नाही. घरी यंत्र आणून बाळाला रडवत बसू नका.

आणि मग मोजायचं. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मानेपासून दंडाच्या स्नायूपर्यंतचं अंतर बाळाचं असलं तरी काही सेंटिमीटर आहेच. म्हणून तिसरा महिना हा या आजारातला पहिला मोठा टप्पा. पॅरिसच्या जिल्बेर आणि तासाँ यांनी १९८४ साली दाखवलं की तीन महिन्यांपर्यंत दंडाचा स्नायू हलायला लागला नाही तर हात आपोआप चांगला होण्याची आशा फार कमी. आजही आम्ही याच नियमाभोवती फिरतो. कॅनडातल्या टोरांटोच्या पद्धतीत कोपर वाकवणं, कोपर सरळ करणं, मनगट, बोटं आणि अंगठा उचलणं या पाच हालचालींना प्रत्येकी दोनपर्यंत गुण देतात. तीन महिन्यांनी दहापैकी साडेतीनहून कमी असतील तर शस्त्रक्रियेचा विचार. तिथलीच दुसरी चाचणी नऊ महिन्यांची. बाळाच्या हातात बिस्कीट द्यायचं, कोपर अंगाशी धरायचं आणि मान फारशी खाली न नेता बिस्कीट तोंडात जातं का ते बघायचं. बाळ मान खाली आणून बिस्किटापर्यंत पोहोचलं तर टाळ्या वाजवू नका, ते अनुत्तीर्ण झालं आहे.

संपूर्ण हात लुळा आणि डोळ्याची पापणीही झुकलेली असेल तर तिसऱ्या महिन्यापलीकडे थांबत नाहीत. एमआरआयमध्ये मुळाशी पाण्याच्या पिशवीसारखा फुगवटा दिसला तर मूळ उपटलं गेल्याची शक्यता मोठी. स्नायूंची सुईची चाचणी बाळांत फसवी ठरते, ती अनेकदा प्रत्यक्षापेक्षा बरं चित्र दाखवते. शस्त्रक्रियेत मानेत तयार झालेली जखमेची गाठ काढतात आणि पायाच्या पोटरीमागची एक संवेदनेची नस तुकडे करून मधे जोडतात. मूळच उपटलं असेल तर जोडायला टोकच नसतं, मग शेजारच्या जिवंत नसेची एखादी शाखा दुसरीकडे वळवतात. खांदे वर उचलणाऱ्या, मानेमागच्या स्नायूची नस खांदा फिरवणाऱ्या स्नायूंना देतात. करंगळीकडे जाणाऱ्या नसेतला एखादा जुडगा दंडाच्या स्नायूला देतात, ही पद्धत ओबेर्लँ यांनी १९९४ साली मांडली. विल्हेल्मला बहुधा यांतलंच काहीतरी लागलं असतं. मात्र हे सगळं पहिल्या वर्षातच करावं लागतं. नसेवाचून दीड वर्ष राहिलेला स्नायू पुढे नस मिळाली तरी फारसं काम करत नाही.

म्हणून 'नव्वद टक्के बाळं आपोआप बरी होतात' हे वाक्य मला फार छळतं. डॉक्टर ते धीर द्यायला म्हणतात आणि घरचे ते ऐकून वर्षभर वाट बघतात. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००४ साली जुने सगळे अभ्यास तपासले, तेव्हा हात पूर्ण बरा न होणाऱ्यांचं प्रमाण शंभरात वीस ते तीस निघालं. बहुतेक बाळं बरी होतात हे खरंच आहे, आणि त्यातली बरीचशी पहिल्या दीड-दोन महिन्यांतच हात हलवायला लागतात. जे तोवर हलवत नाहीत, त्यांना सहा आठवड्यांच्या लसीला आणलं की त्याच दिवशी अशा बाळांची शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राकडे चिठ्ठी द्यायला हवी. पुढची भेट ठरवायला, तपासण्या करायला, मन घट्ट करायला तीन महिने कसे जातात ते कळत नाही. चिठ्ठी दिली आणि हात आपोआप आला तर नुकसान एका फेरीचं.

विल्हेल्म २७ एप्रिल १८५९ रोजी तीन महिन्यांचा झाला. त्या दिवशी त्याचं कोपर वाकत होतं का, हे कुठे लिहिलेलं मला सापडलेलं नाही. पुढचं मात्र माहीत आहे. हात वाढला, पण उजव्याच्या मागे राहिला. मोठेपणी तो सुमारे १५ सेंटिमीटर आखूड होता. नसेचं बळ न मिळालेलं हाडसुद्धा पूर्ण वाढत नाही. जेवायला काटा आणि सुरी एकत्र केलेलं खास हत्यार होतं. कोट त्या हाताच्या मापाने शिवले जात. उजव्या हाताची पकड मात्र कमालीची घट्ट होती.

त्याची छायाचित्रं मी विद्यार्थ्यांना दाखवते, नाव न सांगता. गणवेश, मिशा, पदकं सोडून फक्त डाव्या बाजूकडे बघा म्हणते. खांदा किंचित आत वळलेला. दंड अंगाजवळ. कोपर थोडं वाकलेलं, म्हणजे दंडाच्या स्नायूत काही जीव आला होता, किंवा सांधाच तसा आखडला होता. पंजा हातमोज्यात, तलवारीच्या मुठीवर टेकवलेला, त्याच पंजात बहुतेक वेळा दुसरा हातमोजा धरलेला, म्हणजे लांबीतला फरक नजरेत भरू नये. काही विद्यार्थी दोन मिनिटांत अचूक निदान करतात. मग एखादी मुलगी विचारते, याला वेळेवर दाखवलं नव्हतं का? मी तिला सांगते, दाखवलं होतं, चौथ्या दिवशी, तिघा मोठ्या डॉक्टरांना. आणि फळ्यावर मानेची पाच मुळं काढायला घेते.